मजुरी आधी, काम मागून

मजूर गरीब असतो व त्याचे मन त्याच्या मजुरीवर लागून राहिलेले असते, यास्तव सूर्य मावळण्यापूर्वी ती त्याच्या हाती पडली पाहिजे, असा दंडक मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवाद ह्या पुस्तकात, घालून दिलेला आहे. ह्या आज्ञेवर आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ उपदेश झाले आहेत, आणि गरिबाची मजुरी अडकवून ठेवणे हे पाप आहे याविषयी आता कोणास शंका राहिलेली नाही. परंतु आपल्या जालना जिल्ह्यात, विशेषतः अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा ह्या तालुक्यांत, दरवर्षी एक असा व्यवहार घडत असतो की, त्यात मजुरी सूर्यास्तापूर्वी तर काय, पण काम सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधीच मजुराच्या हाती येते. ऊसतोडीस जाणारी कुटुंबे मुकादमाकडून जी रक्कम आगाऊ घेतात तीच ही उचल होय.

वरवर पाहता हा व्यवहार मोशेच्या आज्ञेहूनही अधिक उदार दिसतो. मग ज्या घरात ती रक्कम येते त्या घरास दिवाळीच्या सुमारास कुलूप का लागते? आणि चैत्रात ते कुलूप उघडते तेव्हा घरधनी पुष्कळदा पूर्वीपेक्षा अधिक कर्जबाजारी का झालेला असतो? आधी घेतलेली मजुरी ही मजुरीच आहे की दुसरे काही? ती घेण्यात अथवा देण्यात दोष असेल, तर तो कोणाच्या पदरी घालावा? ह्या प्रश्नांचा आज आपण शास्त्राच्या व अनुभवाच्या प्रकाशात विचार करू.

कित्येक सुशिक्षित लोक म्हणतात की, जिल्ह्यात कामच नाही म्हणून लोक बाहेर जातात. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. १ मे १९८१ रोजी आपला जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून येथे कामधंदा वाढलाच आहे. जालना शहरात भंगार लोखंड वितळवून घरबांधणीची सळई करण्याचे कारखाने रात्रंदिवस चालतात. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथेच बियाण्यांची कंपनी काढली, आणि त्या कार्याबद्दल १९९८ साली त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज जाफराबाद व भोकरदन तालुक्यांतील शेतांत स्त्रिया एकेका फुलाचे पुंकेसर काढून हाताने परागीकरण करतात, व त्यांच्या बोटांतून निघालेले बियाणे देशभर पेरले जाते. मोसंबीच्या बागा आहेत. २०१८ पासून रेशीमकोषांची बाजारपेठ जालन्यातच भरू लागली आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो, आणि तो २०२५ साली शेवटपर्यंत पुरा झाला. इतके असूनही मंठ्याचा मनुष्य पंचगंगेच्या काठी ऊस तोडावयास जातो, आणि जालन्याच्या भट्टीपुढे बिहार व उत्तर प्रदेशातून आलेले कामकरी उभे असतात. जो तो परक्या मुलखात मजूर झाला आहे. याचे कारण काय?

२०११ च्या खानेसुमारीप्रमाणे जिल्ह्यात सुमारे साडेएकोणीस लाख वस्ती होती, व त्यांपैकी शंभरांत ऐंशी माणसे खेड्यांत राहणारी होती. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी ज्या पट्ट्यास मिळते तो पट्टा सोडला, तर बहुतेक शेती पावसाच्या भरवशावर चालते. कापूस, सोयाबीन, तूर ही पिके दगा देतात तेव्हा काय होते, हे १९७२ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले व २०१२ साली मोसंबीच्या बागा वाळल्या तेव्हा आपणही पाहिले. पेरणीस पैसा लागतो, आजारास लागतो, मुलीच्या लग्नास लागतो. आणि पीक घरात येण्याच्या आधी, श्रावण-भाद्रपदात, घरातील कणगी व पेटी दोन्ही रिकाम्या असतात. अशा वेळी वर सांगितलेल्या कामांपैकी कोणते काम त्याच्या उपयोगी पडते, हे एकेक करून पाहा. कारखान्यात गेला तर पगार महिना भरल्यावर. बियाण्याचा प्लॉट केला तर माल उगवणीच्या तपासणीत उतरल्यावर पैसे. मोसंबी लावली तर झाड फळावर येण्यास चार-पाच वर्षे. सरकारी कामावर गेला तर हजेरीपट वर जाऊन पैसे बँकेत जमा होईपर्यंत वाट पाहणे आलेच.

ह्या शेवटच्या गोष्टीचा थोडा अधिक विचार केला पाहिजे, कारण ती आपल्या राज्यास भूषणावह आहे. काम मागणाऱ्यास काम मिळणे हा त्याचा हक्क आहे, हे तत्त्व वि. स. पागे यांनी पुढे मांडले. १९७२ च्या दुष्काळात त्याची कसोटी लागली. १९७७ साली महाराष्ट्राने त्याचा कायदा केला. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी तसाच कायदा होऊन खेड्यातील प्रत्येक कुटुंबास वर्षातून १०० दिवसांच्या कामाचे वचन मिळाले, आणि २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी दुसरा कायदा मंजूर करून ते दिवस १२५ केले. द्राक्षमळ्याचा धनी दिवस कलल्यावरही बाजारात जाऊन रिकाम्या उभ्या असलेल्यांस कामावर बोलावतो, ह्या प्रभूच्या दाखल्याची छाया आम्हांस ह्या कायद्यांत दिसते. परंतु दाखल्यातील धन्याने संध्याकाळ होताच कारभाऱ्यास बोलावून सर्वांची मजुरी चुकती केली, हे विसरता कामा नये. २००५ च्या कायद्यातही पंधरा दिवसांच्या आत मजुरी द्यावी असे लिहिलेले होते. पण ती कित्येकदा आठवडेच्या आठवडे रखडत असे, हे खेड्यापाड्यांत सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही, त्याला महिन्यानंतर मिळणारी मजुरी म्हणजे दूरच्या विहिरीतले पाणी होय.

येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. कोठे मजुरी अधिक मिळते हे गरीब मनुष्य पाहत नाही असे नाही. परंतु कोठे ती आधी मिळते हे त्यास प्रथम पाहावे लागते. वाट पाहण्याचे सामर्थ्य हीच एक संपत्ती आहे. ज्याच्या कोठीत चार महिन्यांचे धान्य आहे तो भाव येईपर्यंत कापूस ठेवतो, चांगली नोकरी मिळेपर्यंत मुलास शिकवतो, पटणार नाही त्या कामास नाही म्हणतो. ज्याच्यापाशी हे सामर्थ्य नाही तो आळशी किंवा अविचारी असतो असे नाही. त्याला थांबता येत नाही, इतकेच. मुकादम त्याला थांबावयास लावीत नाही. म्हणून सर्व दारांमध्ये तेच एक दार त्याला उघडे दिसते.

त्या दाराच्या आत काय आहे, याचा हिशेब करून पाहू. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. समजा, एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली, आणि ती जोडी दिवसास सातशे रुपयांचा ऊस तोडते. दीडशे दिवसांच्या हंगामात एकही दिवस न चुकता काम झाले, तर एक लाख पाच हजार होतात व उचल फिटते. पण पंधरा दिवस ताप आला, दहा दिवस पावसामुळे फड बंद राहिला, तर सव्वाशे दिवसांचे साडेसत्त्याऐंशी हजारच होतात. दर आठवड्यास पीठमिठासाठी एक हजार खर्ची घेतली, तर एकवीस आठवड्यांचे एकवीस हजार कर्जात मिळाले. आजाराच्या दिवसांबद्दल रोजचा पाचशे रुपये खाडा धरला, तर आणखी साडेसात हजार. अशा रीतीने एक लाखाची उचल घेऊन पाच महिने घाम गाळलेला मनुष्य एकेचाळीस हजार रुपये अंगावर घेऊन घरी येतो, आणि ते फेडण्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे जातो. आम्ही हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे घालून पाहावे. २०२४ च्या जानेवारीत साखर कारखान्यांचा संघ व मजुरांच्या संघटना यांच्यात करार होऊन तोडणीच्या दरात शेकडा ३४ वाढ झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि दर वाढला तरी आजाराचा दिवस हा दंडाचा दिवस राहतो, तोवर ह्या हिशेबाचा काटा मजुराच्या बाजूस झुकणे कठीण आहे.

ह्या खाड्याच्या भयाने काय काय होते, हे सांगण्यास लेखणी कचरते. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात निघाला व सरकारने चौकशी समिती नेमली. परमेश्वराने ज्या देहास आपले मंदिर म्हटले, त्या देहाचा अवयव चार दिवसांची मजुरी बुडू नये म्हणून काढून टाकावा, असा विचार एखाद्या स्त्रीच्या मनात यावा, यातच सर्व आले.

आता दोष कोणाचा, हा प्रश्न. आपल्यांतील कित्येक वडील म्हणतात की, ह्यांना कोणी बळजबरीने नेले? आपल्या खुशीने अंगठा दिला, आता भोगावे. असे म्हणणाऱ्यांनी एसावाची गोष्ट पुन्हा वाचावी. एसावाने वाटीभर वरणासाठी आपला ज्येष्ठपणाचा हक्क विकला, व तो मूर्ख ठरला, हे खरे; परंतु तो रानातून थकून, भुकेने व्याकूळ होऊन आला होता, हेही शास्त्राने लिहून ठेवले आहे. आपण आजवर एसावाच्या मूर्खपणावरच उपदेश केले. ज्या भावाच्या चुलीवर वरण शिजत होते, व ज्याने भुकेल्या भावास जेवू घालण्याआधी सौदा केला, त्याच्याविषयी कितीसे बोललो?

देशाच्या कायद्याने तरी ह्या बाबतीत आपल्यापुढे पाऊल टाकलेले आहे. आगाऊ रकमेपोटी मनुष्यास कामास जखडून ठेवण्याची वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने नाहीशी करण्यात आली. पुढे १९८२ साली, दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की, बळजबरी म्हणजे केवळ काठीची बळजबरी नव्हे. ज्यास भुकेने दुसरा मार्गच ठेवला नाही, आणि म्हणून जो ठरलेल्या किमान मजुरीहूनही कमी घेऊन राबतो, त्याचे कामही सक्तीचेच होय. न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिलेला हा निवाडा आमच्या मते प्रत्येक उपदेशकाने मनन करावा असा आहे. खुशी ही खरी खुशी ठरण्यास नाही म्हणण्याची सोय असावी लागते. जेथे नाही म्हटल्यास मूल उपाशी राहते, तेथे होय ह्या शब्दास अर्धेच वजन असते.

परंतु दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. मुकादम हा बहुधा त्याच गावचा, कधी त्याच भावकीचा मनुष्य असतो. त्यानेही वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून पैसे उचललेले असतात. एखादे कुटुंब दोन मुकादमांकडून उचल घेऊन तिसऱ्याबरोबर निघून जाते, तेव्हा त्याचे घर बसते. मग उचल घेऊन न जाणे हे पाप आहे की नाही? आम्ही स्पष्ट सांगतो की, ते पाप आहे. घेतलेला पैसा परत करण्याचे मनात नसता घेणे, ह्यास शास्त्रात चोरीहून निराळे नाव नाही, व गरिबी हे खोटेपणाचे प्रमाणपत्र नव्हे. ख्रिस्ती मनुष्याने आपले होय हे होय ठेवले पाहिजे.

तथापि येथे एक भेद आहे, आणि तो ध्यानात आल्यावाचून ह्या विषयाचा उलगडा होत नाही. कर्जदार हा पैशाचा देणेकरी असतो, देहाचा नव्हे. त्याजकडून पैसा मागावा, हप्ते बांधावे, कोर्टात जावे; परंतु त्याची बायको अडवून ठेवणे, त्याचे मूल ठेवून घेणे, त्यास गाडीत घालून फडावर नेणे, हा अधिकार कोणत्याही करारातून निघत नाही. दळण्याचे जाते गहाण घेऊ नये, कारण ते घेणे म्हणजे मनुष्याचा जीवच गहाण घेणे होय, असे मोशेच्या शास्त्राने ठरविले. जाते गहाण घेता येत नाही, तर जाते फिरविणारा हात कसा घेता येईल? नहेम्याच्या काळी यरुशलेमेतील गरीब लोकांनी दुष्काळात शेते व मळे गहाण टाकले, आणि शेवटी आपले पुत्र व कन्या दास्यात दिल्या. ते ऐकून नहेम्या संतापला, परंतु त्याने कर्जदारांस दोष दिला नाही. सावकारी करणाऱ्या सरदारांची त्याने सभा भरविली, आपण व आपले लोकही उसने देत आहोत हे कबूल केले, आणि शेते व व्याज परत करण्याची शपथ त्यांजकडून घेतली. सुधारणेचा आरंभ कोठून करावा, हे ह्यावरून शिकावे.

तेव्हा आमचा निर्णय असा की, उचल ही मजुरी नव्हे, ते कर्ज आहे. व गहाण पडलेली वस्तू म्हणजे मनुष्याचे येणारे दिवस होत. येणारे दिवस देवाचे आहेत. त्यांवर अंगठा देणाऱ्यापेक्षा तो घेणाऱ्याची, आणि तो द्यावा लागेपर्यंत स्वस्थ बसून राहणाऱ्या शेजाऱ्याची जबाबदारी अधिक आहे. हा शेजारी म्हणजे आपणच, म्हणजे मंडळी होय.

मंडळीने काय करावे? आपण गरीब आहोत, लाख लाख रुपये कोठून आणावे, असे पंच म्हणतील. परंतु लाखाची उचल एका दिवसात होत नाही. आषाढात खतासाठी पाच हजार, श्रावणात बाळंतपणासाठी दहा, भाद्रपदात जुन्या देण्यासाठी वीस, अशी ती चढत जाते. आणि पहिल्या पाच हजारांनीच मनुष्य बांधला जातो, कारण एकदा एकाचे घेतल्यावर भाव करण्याची सोय राहत नाही. मंडळीने तेवढी पहिली गरज बिनव्याजी भागविली, तर त्या घरास दोन महिने थांबण्याचे बळ येईल. थांबणारा मनुष्य दर विचारू शकतो, लेखी हिशेब मागू शकतो, बायकोस घरी ठेवू शकतो, गावाजवळच काम पाहू शकतो. आपल्या भगिनी स्वयंपाकाच्या वेळी प्रभूसाठी धान्याची मूठ काढून ठेवतात, व कापणीच्या उपकारस्तुतीच्या सणास लोक ज्वारी, तूर, कापूस आणून वेदीपुढे ठेवतात. त्याचा ठराविक भाग अशा उसन्या कामी वेगळा ठेवावा, त्याची वही दोन वडील व एक भगिनी यांच्या हाती असावी, आणि ती दर महिन्यास सर्वांसमोर वाचावी. परतफेडीविषयी ढिलाई करू नये. कारण परत न येणारी मदत दुसऱ्या वर्षी दुसऱ्यास मिळत नाही.

दुसरे असे की, जे जाणारच, त्यांस रिकाम्या हाती जाऊ देऊ नये. प्रत्येक कोयत्याजवळ एक लहान वही असावी. तीत उचल, खर्ची, तोडलेला ऊस व आजाराचे दिवस लिहावे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाने निघण्यापूर्वी आईबापांस आकडे तरी शिकवावे. लाबानाने याकोबाची मजुरी पुनःपुन्हा बदलली. लेख असता तर ते इतके सोपे गेले नसते. मुले मात्र फडावर नेऊ नयेत. आजीआजोबा नसतील, तर मंडळीतील दुसऱ्या घराने त्यांस पाच महिने जेवू घालावे. तिसरे असे की, आपल्या सभासदांत कोणी मुकादम असेल, तर त्यास बहिष्कृत करण्यापेक्षा आजाराच्या दिवसाचा खाडा धरणार नाही, एवढे वचन त्याजकडून घ्यावे. जिल्ह्यात अशा दहा टोळ्या निघाल्या, तर अकराव्यास लाज वाटेल.

हे काम आपल्या मंडळ्यांस परके नाही. ज्यांचा बाप्तिस्मा १८४३ साली झाला, त्या रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी पुढे निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल गाव वसविले. गावगाड्यात ज्यांच्या वाट्यास खळ्यावरची पसाभर बलुते व वर्षभराची वेठ येत असे, असे लोक तेथे येऊन शेती करू लागले. त्यांस उपदेश मिळाला, आणि उभे राहावयास जमीनही मिळाली. ज्याच्या पायाखाली जमीन आहे तोच मान वर करून होय किंवा नाही म्हणू शकतो, हे त्या वडिलांस कळले होते. आज मंडळीपाशी वाटून देण्यास जमीन नाही. परंतु दोन महिन्यांचे धीर देणारे धान्य असू शकते.

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आपण रोजच्या रोज लागणारी भाकर मागतो, आणि ती एकट्यासाठी मागत नाही, सर्वांसाठी मागतो. शेजाऱ्याने आजच्या भाकरीसाठी चैत्रापर्यंतचे दिवस विकावे आणि आपण ती प्रार्थना दर रविवारी म्हणत राहावे, हे शोभत नाही. यंदा पोळा झाल्यावर जी पहिली पंचसभा भरेल, तीत वर्गणी व डागडुजी यांच्या आधी एवढा एक प्रश्न विचारला जावा: आपल्यांपैकी कोणाच्या घरी उचल येण्याच्या बेतात आहे, आणि ते घर थांबविण्यास किती लागेल? उत्तर मिळाल्यावर सभेने प्रार्थना करून वही उघडावी.